पंधरा वर्षं कोणाची?

वैशालीला कंपनीने फसवलं आणि डॉक्टरांनी फसवू दिलं. मी त्या खोलीत होतो, म्हणून हे सांगू शकतो.

खोली जळगावच्या एका हॉस्पिटलमधली. कोरोनाच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. टेबलाच्या एका बाजूला नाशिकहून ठरलेल्या दिवशी येणारे सर्जन, कंपनीचा रिजनल मॅनेजर सौरभ आणि मी. समोर रावेरजवळच्या गावातलं केळीवालं कुटुंब. सासरे प्रल्हादनाना, त्यांचा मुलगा योगेश, आणि पेशंट म्हणजे सून वैशाली. वय सव्वीस. चार पायऱ्या चढली की दम लागत होता.

माझा धंदा हृदयाच्या ऑपरेशनला लागणारा माल पुरवण्याचा. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हे माझ्याकडे होते. व्हॉल्व्ह हा त्यातला सगळ्यात नाजूक माल. व्हॉल्व्ह म्हणजे झडप. विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर जाऊ देतो आणि मागे येऊ देत नाही, तेच काम हृदयात चार झडपा करतात. वैशालीची डावीकडची झडप, जिला मिट्रल म्हणतात, ती खराब होती. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात. आठवड्याभरात ताप उतरतो, घरचे विसरून जातात. तो ताप जाताना झडपेला चावा घेऊन जातो आणि लग्नानंतर कधीतरी ते उघडकीला येतं. आपल्याकडे अशा पोरी खूप आहेत.

झडप बदलायची तर दोन रस्ते. एक मेकॅनिकल, म्हणजे कार्बन आणि धातूची. ती सहसा आयुष्यभर टिकते. पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मरेपर्यंत घ्याव्या लागतात आणि त्या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात. दुसरी बायोलॉजिकल, म्हणजे जनावराची. तिला त्या गोळ्या कायमच्या लागत नाहीत, पण ती झिजते.

वैशालीने पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं, "मले लेकरू पाहिजे. बाकी तुमी ठरवा."

म्हणजे जनावराचीच. डॉक्टर म्हणाले, "योग्य आहे. तरुण आहे, पुढे कधीतरी परत बघावं लागेल." एवढं बोलले आणि त्यांना थिएटरमधून बोलावणं आलं. उठताना आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाकीचं हे लोक समजावतील."

ही आमच्याकडची पद्धत. बाहेरगावचे डॉक्टर दिवसाला तीन ऑपरेशनं करतात. पेशंटच्या घरच्यांशी बसायला त्यांना वेळ नसतो. ते काम कंपनीचा माणूस करतो. म्हणजे विकणाराच सल्ला देतो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

सौरभने सॅम्पल काढून टेबलावर ठेवलं. नानांनी हात लावला नाही.

"हे कोन्या जनावराचं हाये ते सांगा पह्यले."

"हे गायीचं टिश्यू आहे काका. खूप ॲडव्हान्स्ड..."

"गायीचं?" नानांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. "उचला ते. आमच्या घरात गायीचं चालनार नाही."

सौरभ मुंबईचा. त्याला वाटलं, अडाणी माणूस आहे, चार इंग्रजी शब्दांत वाकेल. तो बोलत राहिला आणि नाना मान हलवत राहिले. शेवटी मी मध्ये पडलो आणि जे आहे ते साध्या भाषेत सांगितलं. गायीचा व्हॉल्व्ह म्हणतात तो गायीच्या झडपेचा नसतोच. जनावराच्या हृदयाभोवती पातळ पिशवी असते, तिचा पडदा कापून तीन पाकळ्या शिवतात आणि कापड चढवलेल्या फ्रेमवर बसवतात. डुकराचा असतो ती मात्र खरीच झडप. त्याच्या हृदयातून काढलेली, रसायनात पक्की केलेली, तशाच फ्रेमवर बसवलेली. दोन्ही मेलेलं कातडं. दोन्हींत जिवंत काही नाही.

"मंग डुकराची द्या," नाना म्हणाले.

"नाना!" योगेश दचकला. "माळकरी घरात डुक्कर?"

"गाय माय हाये. डुक्कर काही नातं लागत नाही आपलं."

इथे वैशाली हसली. रावेरकडे ळ चा य करतात, केळीची केयी होते. ती म्हणाली, "नाना, रानडुकरं दरवर्षी आपल्या बागेत शिरून केयी पाडतात. आता एक घरातच ठेवून घ्या. पन मंग मले बागेत पाठवू नका, मी काय करीन सांगता येत नाही."

नानांनाही हसू आवरेना. "तू आताच कमी खातेस का?"

तिचं ते हसणं दम लागून अर्ध्यात तुटलं. योगेशने पाण्याची बाटली पुढे केली.

मग अर्धा तास गाय आणि डुक्कर यावरच गेला. गायीची नळीसारखी मोकळी उघडते, डुकराची हाताळायला सोपी. गायीची बहुतेक कडक होऊन अडते, डुकराची बहुतेक फाटून गळते. दोन्ही बाजूंनी बोलणारे सर्जन मी पाहिलेत. मिट्रलच्या जागेवर तिच्यासारख्या पेशंटमध्ये जनावरामुळे फार फरक पडत नाही, हे आज मला पाठ आहे. त्या दिवशी सौरभला पाठ होतं. तरी तो नानांशी गायीच्या बाजूने भांडला, घासाघीस केली, शेवटी मोठा सुस्कारा टाकून म्हणाला, "ठीक आहे काका. तुमच्या शब्दाबाहेर नाही. डुकराचा देतो, आमच्याच कंपनीचा, बेस्ट मॉडेल."

नाना खुर्चीत सरळ बसले. सौदा जिंकल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "टिकतो किती?"

"पंधरा वर्षं आरामात. आणि तोवर टेक्नॉलॉजी इतकी पुढे जाईल की छाती उघडावी पण लागणार नाही. पायाच्या शिरेतून जुन्याच्या आत नवा बसवतील."

मला खटकलं. मी आकड्यावर जगणारा माणूस. आकडा आला की तो कुठून आला हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. मी म्हणालो, "सौरभसर, ही पंधरा वर्षं कोणाची? कोणत्या पेशंटची?"

त्याने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. "ॲव्हरेज आहे भाऊ. जगभरातलं." मग सगळ्यांकडे बघून, "आमच्या धनराजभाऊंना प्रत्येक गोष्टीची पावती लागते."

सगळे हसले. मीही गप्प झालो, कारण उत्तर मिळालं होतं. ॲव्हरेज म्हणजे सगळ्यांचं, असं मला वाटलं.

माझं बालपण धुळ्याच्या बाजारात गेलं. आई भाजी विकायची, मी पोत्यावर बसायचो. आई म्हणायची, "वर थोडी कोथमीर टाकी दे, गिऱ्हाईक भाव इसरी जास." मूठभर कोथिंबीर फुकट मिळाली की बाई वांग्याचं वजन बघायची नाही. तीच युक्ती घेऊन मी पुढे सायकलवर औषधं विकली, दुकान टाकलं, मोठमोठ्या हॉस्पिटलांच्या परचेस मॅनेजरांना पाणी पाजलं. आणि माझ्याच डोळ्यांदेखत सौरभने नानांना डुक्कर दिलं, वरच्या कोथिंबिरीसारखं, तर मला ओळखू आलं नाही. गाय नको हे नानांनी जिंकलं. किती वर्षं, हे वजन कोणी बघितलंच नाही. याचा राग मला आजही येतो.

ऑपरेशन चांगलं झालं. आमच्याकडे पुरवठादार स्वतः सगळ्या मापांचा सेट घेऊन थिएटरबाहेर थांबतो. डॉक्टर आत माप घेतात, बोलतात तो नंबर मी द्यायचा. व्हॉल्व्ह रसायनात ठेवलेला असतो, तो सलाईनच्या वाडग्यांत एकामागून एक धुवून मगच बसवतात. बाकीची मापं मी परत नेतो. त्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि अंगठा वर केला. वैशाली आठवड्याभरात स्वतःच्या पायांनी घरी गेली.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. नानांनी माझ्या दुकानात केळीचा अख्खा घड आणून टाकला. नंतर जळगावला आले की ते चक्कर मारायचेच. मी विचारायचो, "कशी आहे सून?"

"पयते बागेतून. पंधरातले दोन गेले."

पुढच्या खेपेला, "पंधरातले चार गेले."

ते वर्षं मोजत होते. केळीच्या माणसाला हे अंगवळणी असतं. लागण कधी केली, घड कधी पडणार, कापलेल्या खोडाच्या पिलांवर धरलेली पिलबाग किती दिवस ठेवायची, सगळं पक्कं धरून तो चालतो. नवी मोटर घेतली की तिची गॅरंटी किती आणि ती कधी संपते हे नानांना तोंडपाठ असायचं. पंधरा वर्षं हा शब्द त्यांनी तसाच ऐकला. पंधरा म्हणजे पंधरा. चौदाव्या वर्षी काळजीला लागायचं, आधी नाही. आणि चूक त्यांची नव्हती. आकडा त्यांना तसाच दिला गेला होता.

कोरोनात तपासणीला जाणं बंद झालं ते झालंच. इको नावाची सोनोग्राफीसारखी तपासणी असते, तिच्यात झडप हलताना दिसते. ती वर्षातून एकदा झालीच पाहिजे, असं त्या खोलीत कोणी ठासून सांगितलं नव्हतं. सौरभ म्हणाला होता, "दोनेक वर्षांनी दाखवून जा." काही त्रास नव्हता, तर कोण जातं?

सातव्या वर्षी तिला परत दम लागायला लागला. गावातल्या डॉक्टरने अशक्तपणा सांगितला, लोहाच्या गोळ्या दिल्या. योगेश म्हणाला, जळगावला दाखवून येऊ. नाना म्हणाले, व्हॉल्व्हला अजून आठ वर्षं हायेत, ते नसंल. हे मला योगेशने नंतर सांगितलं. पाय सुजले तर उन्हाचे सुजले म्हणाले. खोकला आला तर धुळीचा. आडवं झोपता येईना तेव्हा उचलून आणलं.

मला डॉक्टरांचा फोन आला. "रिडो आहे, सेट घेऊन या." रिडो म्हणजे जुनी काढून नवी बसवणं. पहिल्या ऑपरेशनपेक्षा हे अवघड, कारण आत सगळं चिकटलेलं असतं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नाना दिसले. मी ओळख दिली तरी त्यांनी दिली नाही, नजर खाली. वैशाली स्ट्रेचरवर उशांना टेकून बसली होती. मला बघून तिने बोटाने जवळ बोलावलं. एका वाक्यात दोनदा थांबून म्हणाली, "भाऊ... यावेळी... कोनतं जनावर?"

मी म्हणालो, "यावेळी तू म्हणशील ते."

"लोखंडाचं बसवा. लेकरू झालं आता. ती मोठी होईस्तोवर... टिकनारं पाहिजे."

डॉक्टरांनीही मेकॅनिकलच ठरवली होती. मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, "ते पायाच्या शिरेतून नवा बसवायचं सांगितलं होतं, त्याचं काय?"

"वेळेवर आली असती तर मोठ्या शहरात पाठवून विचार करता आला असता. आता ही अँब्युलन्समध्ये टिकायची नाही."

जुनी झडप काढल्यावर नर्सने स्टीलच्या वाटीत ठेवली. मला काचेतून दिसली. मी दिली तेव्हा तिच्या पाकळ्या ओल्या कापडासारख्या लवत होत्या. आता चुना बसून दगड झाल्या होत्या आणि एक कडेने फाटली होती. अडलेलीही होती आणि गळणारीही. गाय की डुक्कर यावर आम्ही अर्धा तास भांडलो आणि शेवटी दोन्हींचे दोष एकाच झडपेत आले.

डॉक्टर हात धुऊन बाहेर आले. मी म्हणालो, "सर, सात वर्षांत?"

"या वयात एवढंच टिकतं, धनराज. कधी दहा जातात, कधी सात. त्यात बाळंतपण."

"मग पंधरा?"

"ते म्हाताऱ्यांत. पासष्ट-सत्तरच्या पुढे. तरुण शरीरात कॅल्शियम भराभर बसतं, शरीर परक्या कातडीशी जोरात भांडतं. हे पुस्तकातलं आहे, नवीन काही नाही."

नवीन काही नाही. मी वीस वर्षं हा माल विकतोय आणि माझ्यासाठी ते नवीन होतं. नानांसाठी नवीन होतं. तिच्यासाठीही.

"तुम्ही त्यांना सांगितलं होतं का सर?"

"परत बघावं लागेल म्हणालो होतो की. बाकी काउन्सेलिंग तुम्ही लोकांनी केलंत."

नवी झडप चांगली बसली. पण तोवर फुफ्फुसं आणि किडन्या थकून गेल्या होत्या. सहा महिने आधी आली असती तर हे ऑपरेशन झेपलं असतं, असं आयसीयूतले डॉक्टर म्हणाले. ती व्हेंटिलेटरवरून उतरली नाही. योगेश मुलीला घेऊन आला होता. तिला आत सोडत नव्हते. मी आयुष्यात पहिल्यांदा सिक्युरिटीवाल्याशी भाव न करता नुसता ओरडलो, तेव्हा सोडलं. पोरगी आईचा हात धरून उभी राहिली.

मी सौरभला फोन लावला. तो आता दिल्लीत मोठ्या पोस्टवर आहे.

"सौरभसर, ती पंधरा वर्षं कोणाची होती?"

आधी त्याला आठवेना. आठवल्यावर म्हणाला, "धनराजजी, त्या स्टडीतले पेशंट एल्डरली होते. फील्डमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं."

"मला नव्हतं. मी विचारलं होतं, तुम्ही गुडघा दाबलात."

"तुम्ही डीलर आहात. पेशंटला सांगणं डॉक्टरांचं काम."

"डॉक्टर म्हणतात, कंपनीने सांगितलं."

"बघा, चॉइस चुकीचा नव्हता. तिला बाळ हवं होतं, बायोलॉजिकलच द्यायचा होता. गाइडलाइनमध्ये बसतं."

"बसतं. मीही चॉइस चुकला म्हणत नाही. व्हॉल्व्ह तोच द्यायचा होता, आकडा खरा द्यायचा होता. सात-आठ म्हणाला असतात तर म्हातारा पाचव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी दारात उभा राहिला असता. तो माणूस तारखा चुकवत नाही."

"तुम्ही इमोशनल झालात. आपण नंतर बोलू."

नंतर म्हणजे काय, तर पुढच्याच महिन्यात माझी एजन्सी काढून दुसऱ्याला दिली. कारण लिहिलं, परफॉर्मन्स. त्यावर मी भांडलो, शिव्या दिल्या, वकील केला. ते माझं मी बघून घेईन. त्याच्यासाठी मी हे लिहीत नाही.

मी रावेरला गेलो त्यासाठी लिहितोय.

नाना ओट्यावर बसले होते. गळ्यात माळ नव्हती. मी बसलो, पाणी आलं. समोरच्या ट्रॅक्टरकडे बघत ते म्हणाले, "मी गाय नको म्हटलं. तो साहेब सांगून राह्यला होता की गायीचं चांगलं हाये. मी हट्ट केला. पोरीच्या जिवापेक्षा मले माझा धर्म मोठा वाटला."

मी हादरलो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सांगायला लागलो, "नाना, तसं नाही. गायीची बसवली असती तरी तेवढीच वर्षं गेली असती. जनावराचा प्रश्न नव्हता, वयाचा होता. तो आकडा म्हाताऱ्या माणसांचा होता, तुम्हाला खोटा सांगितला." झडप कशी असते, चुना कसा बसतो, सगळं परत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी मन राखासाठी सांगता, भाऊ."

"मी खरं सांगतोय."

"तुमी विकनारे," ते म्हणाले. रागाने नाही. जसं कोणी आपलं गाव सांगावं तसं. "विकनारा मानूस समोरच्याले बरं वाटंल असंच बोलतो. त्या साहेबाले विचारलं असतं, तर त्याने खरं सांगितलं असतं."

आतून मुलगी शाळेच्या ड्रेसमध्ये आली आणि नानांना म्हणाली, वेणी घालून द्या. त्यांनी कंगवा घेतला. त्यांना वेणी घालता येत नव्हती. दोनदा सुटली. मी उठून निघालो.

वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं. कोणीही तुम्हाला व्हॉल्व्हची वर्षं सांगितली, तर त्या वर्षांचे मालक किती वयाचे होते ते विचारा. तुमच्या वयाचा आकडा मागा, तो मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका आणि दरवर्षीची इको चुकवू नका.

आणि सौरभ, डॉक्टर, हे तुमच्यासाठी. माझ्या बोलण्यावर त्या घरात विश्वास नाही, तुमच्या बोलण्यावर अजून आहे. माझ्या एजन्सीचं कोर्टात काय ठरेल ते ठरेल. तुम्ही दोघं रावेरला या. नानांच्या ओट्यावर बसा, त्यांच्या डोळ्यांत बघा आणि सांगा की, तुम्ही गाय नाकारली म्हणून ती गेली नाही, आम्हाला खरा आकडा माहीत होता आणि आम्ही तो सांगितला नाही. तो माणूस रोज सकाळी उठून स्वतःला दोषी धरतो. किती दिवस धरू द्यायचं, याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे.